सुएझ कालव्याची राखण करणारी दहावी भारतीय डिव्हिजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धातले भारतीय शिपाई म्हटलं की फ्रान्समधले खंदक आठवतात, नाहीतर मेसोपोटेमियातला (आजच्या इराकमधला) कूतचा वेढा. सुएझ कालव्याच्या काठावर वाळूत पोती रचून बसलेली दहावी भारतीय डिव्हिजन मात्र सहसा कुणाला आठवत नाही. तिचं आयुष्य उणंपुरं सव्वा वर्षाचं. तेवढ्या काळात युरोप आणि हिंदुस्थान यांना जोडणारी पाण्याची वाट तिने मोकळी ठेवली. या विषयावर बोलताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

दहावी भारतीय डिव्हिजन म्हणजे नेमकी कोणती?

या क्रमांकाच्या डिव्हिजन एकाहून जास्त झाल्या. आपण इथे मुख्यतः पहिलीबद्दल बोलतो आहोत. ती डिसेंबर १९१४ मध्ये इजिप्तमध्येच उभी राहिली. हिंदुस्थानातून ती तयार होऊन गेली नव्हती. नोव्हेंबरपासून जहाजांनी एकेक ब्रिगेड (तीन-चार पलटणींचा गट) सुएझला उतरत होती आणि या तुकडीला सरकारी कागदांत ‘फोर्स एफ’ म्हणत. पुढे त्याच ब्रिगेडींची मोट बांधून दहावी आणि अकरावी अशा दोन डिव्हिजन करण्यात आल्या. दहावीचे प्रमुख होते मेजर-जनरल अलेक्झांडर विल्सन, आणि सगळ्या कालव्याच्या संरक्षणाची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती.

तिला स्वतःचा पुरेसा तोफखाना नव्हता. मदतीला होत्या लँकशायरच्या प्रादेशिक सैन्याच्या तोफा, डोंगरी तोफांच्या भारतीय बॅटऱ्या, इजिप्शियन लष्कराची एक बॅटरी आणि कालव्यात उभी केलेली युद्धनौकांची रांग. कागदावर डिव्हिजन असली, तरी प्रत्यक्षात ती ठाण्याठाण्यांत वाटलेली, शंभर मैल लांबीची पहाऱ्याची साखळी होती.

एका कालव्यासाठी एवढं सैन्य कशाला?

१८६९ मध्ये हा कालवा खुला झाला आणि हिंदुस्थान ते युरोप हे अंतर सुमारे ७,००० किलोमीटरने कमी झालं. आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज उरली नाही. १८७५ मध्ये ब्रिटनने इजिप्तच्या खेदिवाकडून, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याकडून, कालवा कंपनीचे भाग ४० लाख पौंडांना विकत घेतले आणि १८८२ मध्ये इजिप्तमध्ये सैन्यच उतरवलं. हिंदुस्थानावरची पकड टिकवायची तर ही वाट हातातून जाऊन चालणार नव्हतं.

मुंबईचं तर नशीबच या कालव्याने पालटलं. पूर्वी पश्चिम किनाऱ्यावरचं एक मोठं बंदर असलेली मुंबई युरोपकडून येणाऱ्या जहाजांचा हिंदुस्थानातला पहिला धक्का झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया डॉक, आणि नेमका १९१४ मध्येच अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. विदर्भ-खानदेशच्या कापसाच्या गाठी, टपालाच्या बोटी, शिकायला विलायतेला निघालेली मुलं, सगळं याच वाटेने जायचं. युद्ध सुरू झाल्यावर फ्रान्सला निघालेल्या लाहोर आणि मीरत डिव्हिजनही इथूनच गेल्या. त्यांच्यामागून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं सैन्य आलं. कालवा एक महिना जरी बंद पडता, तरी फ्रान्समधल्या लढाईवर त्याचा परिणाम झाला असता.

कालवा तटस्थ होता ना? मग तिथे सैन्य कसं ठेवलं?

१८८८ च्या कॉन्स्टँटिनोपल करारानुसार कालवा युद्धकाळातही सगळ्या देशांच्या जहाजांना खुला राहायला हवा होता. पण त्याच करारात कालव्याच्या आणि इजिप्तच्या संरक्षणासाठी उपाय योजायला वाव ठेवला होता, आणि ब्रिटनने त्याचाच आधार घेतला. नोव्हेंबर १९१४ मध्ये ऑटोमन (तुर्की) साम्राज्याशी युद्ध जाहीर झालं, डिसेंबरमध्ये इजिप्त ब्रिटनचं संरक्षित राज्य झालं, आणि कराराचा प्रश्न मागे पडला. ज्या इजिप्शियन लोकांच्या जमिनीतून कालवा जात होता आणि ज्यांच्या बापजाद्यांनी तो वेठबिगारीत खणला होता, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

डिव्हिजनमध्ये कोण कोण होतं?

तीन ब्रिगेडी. बाविसाव्या ब्रिगेडमध्ये ६२ वी आणि ९२ वी पंजाबी आणि दहाव्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटण. अठ्ठाविसावी फ्रंटियर फोर्सची होती : ५१ वी आणि ५३ वी शीख, ५६ वी पंजाबी रायफल्स आणि पाचव्या गुरखांची पहिली पलटण. एकोणतिसाव्या ब्रिगेडमध्ये १४ वी शीख, ६९ वी आणि ८९ वी पंजाबी, सहाव्या गुरखांची पहिली पलटण. नावाला ‘पंजाबी’ असलेल्या पलटणींत शीख, पंजाबी मुसलमान, डोगरा, पठाण असे सगळेच असत.

यांच्या जोडीला संस्थानांची सैन्यं आली होती. म्हैसूर, हैदराबाद आणि पतियाळाचे घोडेस्वार होते. बिकानेरचा उंटांचा रिसाला, म्हणजे गंगा रिसाला, तर या वाळवंटासाठीच जन्मल्यासारखा होता, आणि महाराजा गंगासिंग स्वतः तिथे हजर होते. कालव्याच्या बाजूने पहिलं रक्त सांडलं तेही या रिसाल्याचंच. २० नोव्हेंबर १९१४ रोजी कालव्याकाठच्या कंताराच्या पूर्वेला बीर-अल-नुस इथे त्यांच्या वीसेक जणांच्या गस्तीवर दोनशेच्या आसपास बेदुईनांच्या (वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या) टोळीने हल्ला केला आणि गस्तीतली निम्म्याहून अधिक माणसं तिथेच पडली.

यात मराठा पलटणी होत्या का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सरळ उत्तर : १९१५ च्या कालव्यावरच्या लढाईत मराठा पलटण नव्हती. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी त्या वर्षी मेसोपोटेमियात लढत होत्या.

तरी संबंध आहेत, आणि ते वरवरचे नाहीत. शिंदे सरकारांच्या ग्वाल्हेर संस्थानची इम्पिरियल सर्व्हिस पायदळ पलटण कालव्यावर अकराव्या डिव्हिजनच्या बत्तिसाव्या ब्रिगेडमध्ये होती. मुंबईच्या रॉयल इंडियन मरीनचं ‘हार्डिंज’ हे जहाज लढाईच्या दिवशी तिमसा सरोवरात उभं होतं. त्याची हकिकत पुढे येईलच. १०५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री १९१८ मध्ये लाहोर डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातून पॅलेस्टाइनला आली आणि शेरॉनच्या लढाईत उतरली. आणि चौथा संबंध कूतचा. तो डिव्हिजन मोडल्याच्या प्रश्नात सांगतो, कारण त्याची जागा तिथेच आहे.

वाळवंट ओलांडून तुर्की सैन्य येईल असं इंग्रजांना वाटलं होतं का?

येतील असं वाटलं होतं. एवढे येतील असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. सिनाईत पाणी नाही, रस्ता नाही. मोठं सैन्य आलंच तर समुद्रकाठच्या उत्तरेकडच्या जुन्या वाटेने, विहिरी गाठत येईल, हा अंदाज होता.

तुर्की सेनापती जमाल पाशा आणि त्यांच्याबरोबरचे जर्मन अधिकारी क्रेस फॉन क्रेसेनश्टाइन यांनी मधली वाट निवडली. समुद्रकाठच्या वाटेवर युद्धनौकांच्या तोफांचा मारा पोचला असता. सगळं मिळून वीस ते पंचवीस हजारांची फौज बीरशेबाहून निघाली. दिवसा दडायचं, रात्री चालायचं. पाणी उंटांवर. त्या हिवाळ्यात सिनाईत चांगला पाऊस झाला होता, म्हणून वाटेतल्या खळग्यांत पाणी मिळालं. सोबत होत्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या होड्या. त्या वाळूतून ओढत, वाहून आणल्या होत्या. सुमारे दोनशे किलोमीटर वाळवंट होड्या घेऊन पार करायचं! शत्रू असला तरी या माणसांच्या चिकाटीला दाद द्यावीच लागते.

त्यांचा हिशेब लष्करी होता त्यापेक्षा राजकीय अधिक होता. तुर्की निशाण कालव्यापलीकडे दिसलं की इजिप्तमधले मुसलमान इंग्रजांविरुद्ध उठतील, अशी जमाल पाशांची आशा होती. ठाणी मात्र तयारीत होती. पोर्ट सईदहून उडणारी फ्रेंच समुद्री विमानं जानेवारीत या फौजेचे तळ पाहून आली होती. पोर्ट सईद ते कंतारा या टप्प्यात कालव्याचा पूर्वेकडचा बांध फोडून समोरच्या सखल जमिनीत पाणी सोडलं होतं. मोठी आणि छोटी कडू सरोवरं, तिमसा सरोवर आणि हे नवं पाणी वजा केलं की प्रत्यक्ष राखायची लांबी बरीच कमी होत होती.

२-३ फेब्रुवारी १९१५ च्या रात्री काय झालं?

त्या दिवशी वाळूचं वादळ सुटलं होतं. इस्माइलियाच्या समोर दुपारी सुरू झालेली चकमक त्यात विरून गेली. खरा घाव पडायचा होता तो थोडा दक्षिणेला, तुसूम आणि सेरापियम या दोन ठाण्यांच्या मध्ये. इथे कालवा दोनशे फुटांच्या आसपास रुंद. दोन्ही काठांना उपसलेल्या मातीचे उंच ढिगारे, मध्ये मध्ये त्यांना खिंडी पडलेल्या. काठावर माणूस वाकून चालला तर पलीकडून दिसत नसे.

पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास पलीकडच्या काठावर माणसांची हालचाल ऐकू आली. पश्चिम काठावर ६२ व्या पंजाबीची माणसं होती आणि त्यांच्याजवळ एका टेकाडावर इजिप्शियन लष्कराची पाचवी बॅटरी. अंधारात खिंडींमधून होड्या खाली पाण्याकडे उतरवल्या जात होत्या. होडीचा पत्रा खडीवर घासला की आवाज होणारच. इजिप्शियन गोलंदाजांनी आणि पंजाब्यांच्या मशीनगनने मारा सुरू केला. होडी डोक्यावर घेऊन उतरणारी माणसं होडीसकट कोसळू लागली. पत्र्याची होडी, एकदा गोळ्यांनी चाळण झाली की पाण्यात टाकून उपयोग नाही.

तरी तीन होड्या अलीकडे पोचल्या. त्यातल्या माणसांवर ६२ व्या पंजाबीच्या तुकड्या संगिनी लावून तुटून पडल्या. काही जण तिथेच मेले, बाकीचे बांधाखाली लपले आणि नंतर पकडले गेले. एवढ्या मोठ्या मोहिमेतून कालव्याच्या पश्चिम काठाला हत्यारासह पाय लागले ते एवढ्याच माणसांचे.

उजाडल्यावर चित्र स्पष्ट झालं. पूर्वेकडच्या काठावर खंदक खणून तुर्की सैन्य बसलं होतं, त्यामागे तोफा. सेरापियमहून ९२ व्या पंजाबीच्या आणि गुरखांच्या तुकड्या पूर्वेकडे उतरून काठ साफ करत निघाल्या. न्यूझीलंडच्या पायदळाची एक तुकडीही त्या भागात होती. त्यांच्या देशाच्या सैन्याची या युद्धातली ही पहिलीच लढाई. एका टॉर्पेडो बोटीने काठाजवळ पडलेल्या होड्या फिरून फिरून निकामी केल्या.

त्याच सकाळी तुर्कांच्या लांब पल्ल्याच्या तोफांनी तिमसा सरोवरातल्या ‘हार्डिंज’ला गाठलं. हे सैनिक वाहून नेण्यासाठी बांधलेलं जहाज. जाड चिलखत त्याला नव्हतंच. दोन्ही धुरांड्यांना गोळे लागले. कालव्याच्या ऐन वाटेत बुडून ते आडवं झालं असतं तर तुर्कांचं काम आपोआप झालं असतं, म्हणून ते बाजूला सुरक्षित जागी नेण्यात आलं. मग ‘रेकॅं’ या जुन्या फ्रेंच युद्धनौकेने त्या तोफांचा ठाव घेऊन त्यांना गप्प केलं. कंतारा, अल फर्दान, कुब्री इथे झालेले हल्ले लक्ष वेधण्यापुरते होते आणि तेही परतवले गेले. संध्याकाळपर्यंत हल्ला संपल्यातच जमा होता. ४ तारखेला पूर्व काठावर उरलेल्यांनी काही वेळ झुंज दिली आणि अडीचशेच्या आसपास माणसं कैद झाली.

किती माणसं पडली?

संरक्षण करणाऱ्यांचे ३२ मृत्यू आणि सुमारे १३० जखमी. तुर्कांकडून सातशेवर कैदी झाले, आणि मेलेले, जखमी आणि कैदी असं सगळं मिळून त्यांचं नुकसान दीड हजाराच्या आसपास मानतात. फ्लँडर्समधल्या (बेल्जियम-फ्रान्सकडच्या) लढायांच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतात. पण ३२ म्हणजे ३२ घरं. होशियारपूरच्या नाहीतर नेपाळच्या डोंगरातल्या एखाद्या घरी ते पत्र पोचायलाही महिने लागले असतील.

ऑटोमन सुलतान खलिफा होते. मुसलमान शिपायांनी त्यांच्याविरुद्ध शस्त्र धरलं का?

धरलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून जिहादची घोषणा झाली होती आणि भारतीय शिपायांना उद्देशून पत्रकंही वाटली जात होती. ६२ व्या पंजाबीतल्या मुसलमान शिपायांसमोर त्या पहाटे खलिफाचं सैन्य होतं. त्यांची जागा त्यांनी सोडली नाही.

याचा अर्थ मनात काहीच नव्हतं असा घेऊ नये. लढाईनंतर दोनच आठवड्यांत सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीत बंड झालं. आपल्याला तुर्कांशी लढायला नेणार, ही अफवा त्यामागच्या कारणांपैकी एक होती. इंग्रज अधिकारीही सावध होते. ६९ वी आणि ८९ वी पंजाबी कालव्यावरून तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर नेल्या, पण त्यांत मुसलमान कंपन्या आहेत म्हणून लगेच तिथून काढून फ्रान्सला पाठवल्या आणि त्यांच्या जागी गुरखा आणले. पोटासाठी, घराण्याच्या रिवाजासाठी, पलटणीच्या अब्रूसाठी सैन्यात गेलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, ते त्याला विचारण्याची पद्धत नव्हती. त्याच्याबद्दल ‘राजनिष्ठ’ किंवा ‘गुलाम’ असा एका शब्दात निकाल देणाऱ्यांशी माझं पटत नाही.

‘सैन्याने कालवा राखला की कालव्याने सैन्य?’ ही टीका खरी आहे का?

हा टोमणा ब्रिटनचे तेव्हाचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांच्या नावावर सांगितला जातो, आणि त्यात तथ्य आहे. मुख्य खंदक पश्चिम काठावर होते. पूर्वेला फक्त तरींच्या समोरची ठाणी. म्हणजे जी वस्तू राखायची तीच पुढे करून तिच्या मागे उभं राहायचं. तुर्की तोफा कालव्यातल्या जहाजांवर मारा करू शकल्या त्या याच मांडणीमुळे. शिवाय हरलेलं सैन्य वाळवंटातून परत निघालं तेव्हा त्याचा जोरदार पाठलाग झाला नाही. पाण्याची आणि उंटांची सोय नाही, नवखी फौज वाळवंटात अडकेल, ही भीती.

पण दोष शिपायांचा नाही, मांडणी ठरवणाऱ्यांचा. आणि त्यांचीही बाजू आहे. गोडं पाणी सगळं पश्चिमेला होतं. नाईलहून येणाऱ्या गोड्या पाण्याच्या कालव्यावर इस्माइलिया आणि सुएझ जगत होतं. पूर्व काठावर हजारो माणसं ठेवायची तर त्यांच्यासाठी पाणी पलीकडे न्यायला हवं, नळ हवेत, रस्ते हवेत. ते सगळं १९१६ मध्ये झालं आणि तेव्हाच संरक्षणाची रेषा सिनाईत काही मैल पुढे सरकली.

लढाईनंतर डिव्हिजन काय करत होती?

पहारा. गोष्टीत सांगायला काहीच नाही असं काम, आणि मला सगळ्यात भावतो तो हाच भाग.

फेब्रुवारीनंतर तुर्कांनी पद्धत बदलली. मोठी फौज न आणता चार-दोन माणसं रात्री काठापर्यंत यायची, पाण्यात सुरुंग टाकायची आणि उजाडायच्या आत नाहीशी व्हायची. शंभर मैलांच्या काठावर रोज रात्री प्रत्येक हाताला डोळा कुठून आणणार? मग उपाय निघाला तो आपल्या अंगणातला वाटावा असा. संध्याकाळी पूर्व काठाच्या वाटेवरून वजनदार झाडणीसारखं काहीतरी ओढत न्यायचं, की वाळू अंगण झाडल्यासारखी सपाट, साफ. पहाटे गस्त निघायची ती खाली बघत. पाऊलखूण दिसली की त्या जागी पाण्यात काहीतरी टाकलेलं असण्याचा संशय. मग जहाजं थांबवायची, तळ धुंडाळायचा.

वाळूत पाऊल वाचणं हे बिकानेरच्या आणि पंजाबच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. चोरीला गेलेल्या गुराचा माग काढणारे खोजी त्यांच्या गावोगाव असत. एखादी खूण माणसाची की उंटाची, जाताना उमटलेली की येताना, ओझं घेऊन की रिकाम्या हाताने, हे अशा नजरेला कळतं.

तरी सगळंच पकडता आलं नाही. जून १९१५ च्या अखेरीस छोट्या कडू सरोवरात ‘टेरेसियस’ या मालवाहू बोटीला सुरुंग लागलाच. मार्चमध्ये कालव्याच्या दक्षिण भागात, कुब्रीजवळ, ५६ व्या पंजाबी रायफल्सचे हवालदार सुभासिंग आठ जणांची गस्त घेऊन निघाले होते. त्यांची गाठ शत्रूच्या शेकडो माणसांशी पडली. लढत लढत ते मागे आले, आणि त्यांच्यामुळेच ठाण्यांना हल्ल्याची आगाऊ खबर मिळाली.

डिव्हिजन मोडली का? कधी?

मार्च १९१६ मध्ये. खरं तर त्याआधीच ती आतून रिकामी होत आली होती. जिकडे आग लागेल तिकडे इथलं पाणी न्यायचं असा प्रकार होता.

एकोणतिसावी ब्रिगेड एप्रिल-मे १९१५ मध्ये गॅलिपोलीला गेली. ४ जूनला क्रिथियाच्या तिसऱ्या लढाईत १४ व्या शीख पलटणीचा बहुतेक भाग एका दिवसात कापला गेला. सहावे गुरखा ऑगस्टमध्ये सारी बैरच्या माथ्यापर्यंत चढले, तिथे टिकता मात्र आलं नाही. अठ्ठाविसावी ब्रिगेड जुलैमध्ये एडनला गेली, कारण तुर्क शहराच्या दाराशी आले होते. तिथून परत येऊन ती मेसोपोटेमियाला निघाली.

आणि इथे तो कूतचा धागा. डिसेंबर १९१५ पासून इंग्रज जनरल टाउनशेंड यांची फौज कूतमध्ये वेढली गेली होती. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कोकण, सातारा, कोल्हापूरकडची माणसं. त्यांच्याच शेजारी २४ वी आणि ७६ वी पंजाबी आणि सातव्या गुरखांची दुसरी पलटण होती. या तिन्ही पलटणी वर्षभरापूर्वी सुएझवर अकराव्या डिव्हिजनमध्ये होत्या. आणि वेढा फोडायला बाहेरून जी फौज चिखल तुडवत येत होती तिच्यात दहाव्या डिव्हिजनची अठ्ठाविसावी ब्रिगेड होती. शेख साद, वादी, हन्ना : जानेवारी १९१६ मधल्या या लढायांत तिने भयंकर मार खाल्ला. कूतपर्यंत पोचता आलं नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी आतल्यांनी शरणागती पत्करली. कालव्याकाठी पहारा करणारी माणसं आणि आपल्याकडच्या खेड्यांतली माणसं अशी एकमेकांपासून काही मैलांवर होती, मध्ये तुर्की खंदक.

दुसऱ्या महायुद्धातली दहावी डिव्हिजन हीच का?

नाही, ती १९४१ मध्ये नव्याने उभी राहिली. पण कामाची सुरुवात पुन्हा पाण्याच्या वाटेपासूनच झाली. एप्रिल १९४१ मध्ये तिची पहिली ब्रिगेड बसऱ्याला, शत्त-अल-अरबच्या काठी उतरली. लवकरच तिची सूत्रं विल्यम स्लिम यांच्याकडे आली, जे पुढे ब्रह्मदेशात चौदाव्या आर्मीचे सेनापती म्हणून नावाजले गेले. इराक, सीरियात दैर-अज-झोर, मग इराण. जून १९४२ मध्ये जर्मन सेनापती रोमेल इजिप्तमध्ये घुसला तेव्हा मर्सा मत्रूह इथे ही डिव्हिजन त्याच्यासमोर उभी होती. रोमेलचं लक्ष्य काय, तर पुन्हा सुएझ कालवा. मत्रूहला ती वेढली गेली, फळी फोडून बाहेर पडली, फार नुकसान सोसून. १९४४ पासून ती इटलीत लढली.

यशवंत घाडगे याच डिव्हिजनमध्ये होते?

हो. नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, दहावी भारतीय डिव्हिजन. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा आणि आजचा रायगड जिल्हा.

१० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले किंवा जखमी झाले. उरले ते एकटे. ते तसेच मशीनगनवर धावले. हातबॉम्ब टाकून गन आणि गनर उडवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीची नळी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. लगेच शत्रूच्या नेमबाजाची गोळी लागून ते पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. मुंबई-गोवा महामार्गाने जाताना माणगाव लागतं. तिथे त्यांचं स्मारक आहे. गाडी थांबवून पाच मिनिटं तिथे उभं राहावं.

त्यांची ही तिसरी पलटण म्हणजेच जुनी ११० वी मराठा, कूतमध्ये अडकलेली. १९२२ मध्ये सैन्याची फेररचना झाली तेव्हा क्रमांक बदलला. तीच पलटण पुढे २ पॅरा ही छत्रीधारी पलटण झाली आणि डिसेंबर १९७१ मध्ये आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला छत्रीने उतरली.

आज भारतीय सैन्यात दहावी डिव्हिजन आहे का?

आहे. ती १९६५ मध्ये उभी राहिली. जम्मूजवळ चिनाबकाठचं अखनूर आणि छांब हा तिचा प्रदेश, आणि १९७१ ची छांबची लढाई तिचीच. पाकिस्तानातही लाहोरला दहावी डिव्हिजन आहे, १९६५ मध्ये इछोगिल कालव्यावर आपल्या सैन्यासमोर तीच होती. या सगळ्यांत क्रमांक समान आहे, वारसा नाही. ६२ व्या पंजाबीचा वारसा पुढे पहिल्या पंजाब रेजिमेंटकडे गेला आणि फाळणीत ती रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला आली.

घरात पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक आहे. ते सुएझवर होते का, हे कसं कळेल?

पदक हातात घेऊन कड बघा. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. चार टोकांचा १९१४-१५ चा स्टार असेल तर हाच मजकूर पाठीवर. कृपा करून पदक घासून लखलखीत करू नका. शंभर वर्षं जुनी ती बारीक अक्षरं चिंच किंवा राखेने पुसट होतात. पदक चांदीऐवजी काशाचं असेल, तर पणजोबा लढणाऱ्या पलटणीत नसून अनुचर असण्याची शक्यता जास्त : पाणके, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी. त्यांच्याशिवाय वाळवंटात एकही ठाणं एक दिवस टिकलं नसतं.

पदकावर ‘सुएझ’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. पलटणीचा क्रमांक मिळाला की ती १९१५ मध्ये कुठे होती ते शोधायचं. मृत्यू युद्धात झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव मिळू शकतं. इंग्रजी स्पेलिंग गावठी उच्चारावरून केलेली असतात, तेव्हा आडनावाचे चार-पाच प्रकार करून बघा. वडिलांचं नाव आणि गावही अनेकदा नोंदलेलं असतं.

कालव्यावर या सैनिकांचं स्मारक आहे का?

होतं. कालव्याच्या दक्षिण टोकाला, पोर्ट तौफिकला, १९२६ मध्ये ते उभारलं गेलं. इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये पडलेल्या जवळपास ४,००० भारतीय सैनिकांसाठी. शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर यांनी घडवलेले दोन वाघ त्याच्या पायाशी होते, कालव्यात शिरणाऱ्या प्रत्येक जहाजाला दिसतील असे. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या प्रवाशाला सुएझला पोचताच पहिलं दर्शन त्यांचं व्हायचं.

१९६७ नंतर कालव्याच्या दोन्ही काठांवर इजिप्त आणि इस्रायलचं सैन्य समोरासमोर आलं आणि त्या वर्षांतल्या तोफांच्या माऱ्यात स्मारक उद्ध्वस्त झालं. कालवाही १९७५ पर्यंत बंदच होता. पुढे ते स्मारक त्याच जागी न उभारता कैरोजवळच्या हेलिओपोलिस युद्ध दफनभूमीत नवं करण्यात आलं. १९८० मध्ये भारताच्या राजदूतांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. आज ते ‘हेलिओपोलिस (पोर्ट तौफिक) स्मारक’ या नावाने ओळखलं जातं. कैरोला कामानिमित्त किंवा पिरॅमिड बघायला जाणारे मराठी लोक आता कमी नाहीत. दफनभूमी शहरातच आहे, आणि फुलं घेऊन जायला कुणाची मनाई नाही.